जर्मनीचा बाजार आणि आपल्या पेटीतील वाघनख



आपल्या समाजातील नातवंडे आता दूरदूरच्या देशांत पांगली आहेत. आमच्या ओळखीच्या एका आजींचा नातू नोकरीनिमित्त जर्मनीत फ्रँकफुर्टजवळ राहतो. त्याला मुलगा झाला, म्हणून आजी पणतवाला पाहायला निघाल्या. बॅग भरताना त्यांनी जुनी पेटी उघडली आणि तळाशी मऊ कापडात गुंडाळून ठेवलेले, सोन्यात मढवलेले वाघनख बाहेर काढले. लहान मुलाला दृष्ट लागू नये, तो वाघासारखा निर्भय व्हावा, म्हणून कोकणात मुलांच्या गळ्यात वाघनख घालीत असत. आपल्याही काही घरांत ही चाल होती. आजींच्या सासूबाईंनी ते अलिबागकडील आपल्या घरून आणले होते. आजींच्या यजमानांनी ते लहानपणी घातले होते. अलियाच्या वेळी भांडीकुंडी, पलंग, पाटा-वरवंटा सगळे मागे राहिले, पण वाघनख मात्र बरोबर आले.

"पणतवाच्या गळ्यात घालावे म्हणते. नेऊ ना?" असे त्यांनी आम्हांला विचारले.

आम्ही चौकशी केली आणि त्यांना सांगितले, "आजी, नेऊ नका." त्यांना वाईट वाटले, आणि खरे सांगायचे तर आम्हांलाही वाटले. मग त्यांनी एक प्रश्न विचारला, "जो वाघ शंभर वर्षांपूर्वी मेला, त्याचे नख मी नेले तर आज जिवंत असलेल्या कोणत्या वाघाचे वाईट होणार आहे?" प्रश्न अगदी रास्त आहे. त्याचे नीट उत्तर द्यावे म्हणून हा लेख लिहिला आहे.

वॉशिंग्टनचा करार

३ मार्च १९७३ रोजी अमेरिकेतील वॉशिंग्टन शहरात एक आंतरराष्ट्रीय करार झाला. त्याच्या इंग्रजी नावाच्या आद्याक्षरांवरून त्याला 'साइटिस' म्हणतात. जर्मन लोक त्याला शहराच्या नावावरून 'वॉशिंग्टनचा करार' म्हणूनच ओळखतात. १ जुलै १९७५ पासून तो अमलात आला. १९७६ साली भारत त्यात सामील झाला आणि त्याच वर्षी तेव्हाचा पश्चिम जर्मनीही. इस्राएलही त्याचा सभासद आहे. आज एकशे ऐंशीहून अधिक देश या कराराने बांधलेले आहेत.

कराराचे काम समजायला सोपे आहे. त्यात प्राण्यांच्या आणि वनस्पतींच्या तीन याद्या आहेत. पहिल्या यादीत नामशेष होण्याच्या काठावर आलेले जीव आहेत. वाघ या यादीत आहे. त्यांचा व्यापार बंद. जिवंत प्राणीच नव्हे, तर त्याचे कातडे, हाड, दात, नख, त्यांपासून केलेला दागिना, सगळे त्यात आले. दुसऱ्या यादीत असे जीव आहेत की ज्यांचा व्यापार मोकळा सोडला तर तेही त्याच वाटेने जातील. त्यांच्यासाठी सरकारी परवाना लागतो. तिसऱ्या यादीत एखाद्या देशाने आपल्यापुरते संरक्षण देऊन इतर देशांची मदत मागितलेले जीव आहेत.

जर्मनीत परवान्यांचे काम बॉन शहरातील निसर्ग संरक्षणाचे केंद्रीय कार्यालय पाहते आणि सीमेवरची तपासणी कस्टम खाते करते. कडक संरक्षण असलेल्या जीवाचा जाणूनबुजून बेकायदा व्यापार केल्यास तेथील कायद्यात पाच वर्षांपर्यंत कैदेची तरतूद आहे. नातवंडांना भेटायला आलेल्या आजीला कोणी तुरुंगात टाकणार नाही, हे खरे. परंतु वस्तू जप्त होईल, दंड होऊ शकेल, आणि आनंदाच्या प्रवासाची सुरुवात विमानतळावरच्या चौकशीच्या खोलीत होईल.

एका वाघाची अठरा नखे

वाघाच्या पुढच्या पायांना पाच-पाच आणि मागच्या पायांना चार-चार अशी एकूण अठरा नखे असतात. म्हणजे अठरा मुलांच्या गळ्यात नखे घालायची तर एक वाघ मरायला हवा. आपल्या पणजोबांच्या काळी कोकणात आणि घाटावर वाघ पुष्कळ होते आणि त्यांना मारणे हे शौर्य समजले जाई. तेव्हा हा हिशेब कोणी केला नाही. पण १९७२ साली भारतात मोजणी झाली, तेव्हा साऱ्या देशात मिळून सुमारे १८२७ वाघ उरले असल्याचे आढळले. त्याच वर्षी वन्यजीव संरक्षण कायदा झाला. पुढच्या वर्षी व्याघ्र प्रकल्प सुरू झाला. पहिल्या नऊ अभयारण्यांत आपल्या महाराष्ट्रातील मेळघाट होते.

कायदा झाला तरी चोरटी शिकार थांबली नाही. राजस्थानातील सरिस्का हे वाघांसाठी राखलेले जंगल. कागदोपत्री तेथे वाघ होते, पण २००५ साली उघड झाले की एकही उरला नाही. शिकाऱ्यांनी सापळे लावून सगळे मारले होते. २००६ च्या अंदाजानुसार देशात १४११ वाघ होते. त्यानंतर पहारा वाढला, मोजणीची पद्धत सुधारली आणि २०२२ साली हा आकडा ३६८२ वर गेला. त्यांपैकी ४४४ वाघ महाराष्ट्रातले. ही आनंदाची गोष्ट आहे. पण वाघ वाढले म्हणजे शिकाऱ्यांनी सापळे टाकून दिले असे नाही. वाघाच्या हाडांना परदेशात आणि नखांना आपल्याच देशात गिऱ्हाईक आहे, तोवर सापळा लागतच राहणार.

येथे आजींच्या प्रश्नाचे पहिले उत्तर मिळते. नव्वद वर्षांपूर्वीचे नख आणि मागच्या वर्षीचे नख सोन्यात मढवल्यावर सारखेच दिसतात. जुने विकायला मोकळीक दिली, तर नवे विकणाराही म्हणेल, "हे माझ्या आजीचे आहे." चोराला लपायला आपल्या आजीचा पदर मिळतो. म्हणून कायद्याने जुन्यालाही बंधन घातले आहे.

हस्तिदंताची शिकवण

ही केवळ कल्पना नाही. हत्तीच्या बाबतीत असेच घडले आहे.

एकोणिसाव्या शतकात मुंबई बंदर हे हस्तिदंताची मोठी पेठ होते. पूर्व आफ्रिकेतून, झांजीबारमार्गे, दात गलबतांनी मुंबईला येत आणि तेथून पुढे जात. म्हणजे ज्या बांगड्या आणि डब्या आपण 'आपल्याकडच्या' समजतो, त्यांपैकी पुष्कळ आफ्रिकेतील हत्तींच्या दातांच्या आहेत.

जर्मनीतही अशीच एक पेठ होती. ओडेनवाल्ड नावाच्या डोंगराळ भागात एरबाख हे छोटे गाव आहे. तेथील सरदार फ्रान्झ यांनी १७८३ च्या सुमारास गावात हस्तिदंतावरील कोरीवकाम सुरू केले. रयतेला धंदा मिळावा हा त्यांचा हेतू. पुढे दोनशे वर्षे गावातील घराण्यांनी त्यावर पोट भरले. गुलाबाच्या फुलांचे पदक, देखण्या पेट्या, मूर्ती असे सुंदर काम तेथे होई. कारागिरांनी हत्ती कधी मारला नाही. मुंबईच्या व्यापाऱ्यानेही मारला नाही. बांगडी घालणाऱ्या बाईने तर नाहीच नाही. तरीही १९७९ साली आफ्रिकेत सुमारे तेरा लाख हत्ती होते, ते दहा वर्षांत सुमारे सहा लाखांवर आले.

१९८९ साली स्वित्झर्लंडमधील लोझान शहरात करारातील देश जमले आणि आफ्रिकी हत्तीला पहिल्या यादीत घालून हस्तिदंताचा आंतरराष्ट्रीय व्यापार बंद केला. भारताने आपल्या हत्तीच्या दातांचा व्यापार १९८६ मध्येच थांबवला होता. १९९१ मध्ये आफ्रिकी दातांनाही दार बंद केले. एरबाखच्या कारागिरांनी काय केले? काहींनी धंदा सोडला. काहींनी हाडावर, शिंगावर, आणि हजारो वर्षे बर्फात गाडलेल्या मॅमथच्या दातांवर तीच कला चालू ठेवली. गावातील जुने काम आज तेथील हस्तिदंत संग्रहालयात पाहायला मिळते. कला टिकली आणि त्यासाठी नवा हत्ती मारावा लागला नाही.

परंतु युरोपात जुना हस्तिदंत विकण्याची सवलत बराच काळ होती आणि तिच्या आडोशाने नवा माल आत येऊ लागला. मग दात जुना की नवा हे ठरवायचे कसे? रेगेन्सबुर्ग विद्यापीठातील जर्मन शास्त्रज्ञांनी या कामी महत्त्वाची मदत केली. १९५० आणि १९६० च्या दशकांत मोठ्या देशांनी अणुबाँबच्या चाचण्या केल्या. त्यामुळे हवेतील किरणोत्सारी कार्बन वाढला, तो गवतात आणि पाल्यात गेला, तेथून हत्तीच्या पोटात आणि दातात. दातातील हा कार्बन मोजला की हत्ती चाचण्यांपूर्वीचा की नंतरचा हे कळते. शेवटी २०२२ च्या जानेवारीपासून युरोपीय संघाने जुन्या हस्तिदंताच्या व्यापारावरचे नियमही आणखी आवळले.

हामचा मेळावा

आता जर्मनीतील आजच्या बाजाराकडे येऊ. वेस्टफालिया भागात हाम नावाचे शहर आहे. तेथे वर्षातून चार वेळा सरपटणाऱ्या प्राण्यांचा मेळावा भरतो. सरडे, पाली, साप, कासवे, कोळी यांचे शौकीन अनेक देशांतून येतात. या प्रकारचा हा जगातील सर्वांत मोठा मेळावा मानला जातो. तो कायदेशीर आहे आणि तेथील पुष्कळ प्राणी माणसांनी घरी वाढवलेल्या जोड्यांची पिल्ले असतात. मग अडचण कोठे आहे?

अडचण कायद्यातील एका फटीत आहे. बोर्निओ बेटावर 'बिनकानाची घोरपड' म्हणता येईल असा एक दुर्मीळ सरडा आहे. त्याला बाहेरून कान दिसत नाहीत. बेटावरील तिन्ही देशांनी, म्हणजे मलेशिया, इंडोनेशिया आणि ब्रुनेई यांनी, त्याला १९८० पर्यंत संरक्षण दिले होते. तेथून तो बाहेर नेणे हा गुन्हाच. पण तो साइटिसच्या यादीत नव्हता. त्यामुळे चोरून विमानात चढवलेला सरडा एकदा युरोपात उतरला की उघडपणे विकता येई. शास्त्रज्ञांनी त्याचा पुन्हा ठावठिकाणा लावला, त्यावर लेख छापले, आणि २०१४ च्या सुमारास तो युरोपातील शौकिनांच्या बाजारात दिसू लागला. किंमत हजारो युरो. २०१७ पासून तो दुसऱ्या यादीत आला आणि जंगलातून पकडलेल्या सरड्यांचा व्यापार बंद झाला. तेव्हापासून अनेक शास्त्रज्ञ नवा प्राणी सापडला तरी त्याची नेमकी जागा छापत नाहीत. घरफोड्याला घराचा पत्ता कोण देईल?

अमेरिकेत १९०० सालापासून एक कायदा आहे. दुसऱ्या देशाचा कायदा मोडून आणलेला प्राणी त्यामुळे अमेरिकेतही चोरीचा माल ठरतो. जर्मनीत आणि युरोपीय संघात असा सर्वसाधारण कायदा नाही. म्युनिकमधील प्रो वाइल्डलाइफ ही संस्था आणि इतर काही जण तो व्हावा म्हणून मागणी करीत आहेत.

आमच्या वाचकांपैकी पुष्कळांचे वडील, आजोबा रेल्वेत नोकरीला होते. त्यांना मुंबई-मद्रास मार्गावरील गुंटकलजवळचे गुत्ती स्टेशन आठवेल. १८९९ साली पोकॉक नावाच्या इंग्रज शास्त्रज्ञाने एका नव्या कोळ्याची नोंद केली. तो या गुत्ती स्टेशनच्या लाकडांच्या वखारीत सापडला होता. रंग मोरपिशी निळा, पायांवर पिवळे पट्टे. बहुधा लाकडांबरोबर दूरच्या जंगलातून आला असावा, कारण पुढे शंभर वर्षे तो कोणाला दिसला नाही. आंध्र प्रदेशात नंद्याळ आणि गिद्दलूरच्या मधल्या जंगलात तो पुन्हा आढळला. त्याचे राहण्याचे रान फार थोडे आहे आणि तेथेही झाडे तोडली जातात. पण युरोपातील शौकिनांच्या काचपेट्यांत हा निळा कोळी सहज सापडतो. पहिले कोळी भारतातून परवाना घेऊन गेले नव्हते, असे अभ्यासक मानतात. २०१९ साली जिनेव्हा येथे या कुळातील सर्व कोळ्यांना दुसऱ्या यादीत घातले गेले. भारतीय तारा कासवाला त्याच बैठकीत पहिल्या यादीत घेतले. तीच नक्षीदार पाठीची कासवे, जी मुंबईच्या आणि चेन्नईच्या विमानतळांवर प्रवाशांच्या बॅगांत कोंबलेली सापडतात.

कोळ्याची कोणाला दया येणार, असे काही जण म्हणतील. पण गुत्तीच्या कोळ्याची आणि वाघाची गोष्ट एकच आहे. जंगलातील गरीब माणसाला थोडे पैसे मिळतात, मधला दलाल श्रीमंत होतो, आणि हे सारे चालते ते दूरच्या एका नीटनेटक्या घरातील हौशी माणसामुळे. त्याच्या हाताला रक्त लागलेले नसते. तो फक्त पैसे देतो.

जर्मनीतून परत गेलेले पक्षी

जर्मनीची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. ब्राझीलमध्ये स्पिक्स मकाव नावाचा निळा पोपट होता. जंगले तुटली, शिवाय श्रीमंत शौकिनांसाठी पिल्ले चोरली गेली. रानातील शेवटचा पोपट २००० साली दिसेनासा झाला. उरले ते पिंजऱ्यांतले. त्यांची वीण जर्मनीत बर्लिनजवळच्या एका केंद्रात काळजीपूर्वक वाढवली गेली आणि २०२० साली ३ मार्चलाच, म्हणजे वॉशिंग्टन कराराच्याच तारखेला, ५२ पोपट विमानाने ब्राझीलला परत पाठवले गेले. जून २०२२ मध्ये पहिले आठ मोकळे सोडले. पुढची वाट सोपी नाही. संस्था आणि ब्राझील सरकार यांच्यात वादही झाले. जंगलातून शंभर पिल्ले चोरायला काही वर्षे लागतात, पण पन्नास परत पाठवायला दोन पिढ्या जातात, एवढे यावरून कळते.

आपण हे एकदा करून दाखवले आहे

हे सारे वाचून वाटेल, की आपण म्हातारी माणसे, आपल्या हातात काय आहे? एक गोष्ट आठवून पाहा. आपल्यापैकी जे पन्नास-साठच्या दशकांत इस्राएलला आले, त्यांनी पाहिले असेल की हिवाळा संपता संपता नेगेवच्या उत्तर भागात तांबडीलाल कलानीयोत फुलत आणि लोक ओंजळी भरभरून तोडून नेत. रस्त्याच्या कडेला जुड्या विकायला बसत. काही फुले संपत चालली. मग साठच्या दशकात सरकारने रानफुलांना संरक्षण दिले आणि शाळाशाळांतून मुलांना सांगितले गेले, "तोडू नका, पाहा." शिक्षा फार थोड्यांना झाली असेल. पण मुले घरी येऊन आईबापांना हटकू लागली. विकत घेणारा उरला नाही, म्हणून विकणाराही उरला नाही. आज त्याच माळांवर फुलांचा गालिचा पाहायला गाड्यांच्या रांगा लागतात.

आपल्या तोरात देवारीमच्या बाविसाव्या अध्यायात घरट्याविषयी आज्ञा आहे. घरट्यावर आई बसली असेल तर पिल्लांबरोबर तिला धरू नये, तिला जाऊ द्यावे. म्हणजे घ्यायची मुभा आहे, पण वंश तोडायची नाही. साइटिसच्या याद्यांमागचा विचारही याहून फार वेगळा नाही.

मग पेटीचे काय करायचे?

वाघनख, हस्तिदंत, बिबट्याचे कातडे, सापाच्या किंवा मगरीच्या कातड्याची पर्स, शहातूश शाल, कासवाच्या कवचाचा कंगवा, पोवळ्याची माळ यांतील काही घरात असेल तर ते घेऊन सीमा ओलांडू नका, मग जर्मनी असो की भारत. नेणे अगदीच आवश्यक असेल तर आधी इस्राएलच्या निसर्ग आणि उद्याने प्राधिकरणाकडे, म्हणजे रशूत हटेवा वेहगनीमकडे, विचारणा करावी. परवाना दोन्ही देशांचा लागू शकतो, आणि तो प्रवासाच्या आधी घ्यावा लागतो.

भारतातील वाचकांनी लक्षात ठेवावे की तेथे वाघनख विकणे तर गुन्हा आहेच, पण मालकीच्या सरकारी दाखल्याशिवाय नुसते बाळगणेही गुन्हा आहे. अशा वस्तू जाहीर करण्यासाठी २००३ मध्ये १८० दिवसांची मुदत दिली होती, ती केव्हाच संपली. घरात अशी वस्तू निघाली तर जाणत्या वकिलाचा सल्ला घेऊन वन खात्याला कळवावे. गुपचूप सोनाराला विकू नये, वितळवायला देतानाही नाही.

परदेशात बाजारात फिरताना शिंपले, पोवळी, कातडी वस्तू, वाळवलेले प्राणी कितीही स्वस्त मिळाले तरी घेऊ नका. "सर्टिफिकेट आहे" असे दुकानदाराने सांगितले म्हणून पुरत नाही. नातवंडांना वेगळा प्राणी पाळायची हौस आली, तर तो कोठून आला हे विचारायला त्यांना शिकवा. शोफारची मात्र काळजी नको. मेंढ्याच्या शिंगाला या याद्यांचे बंधन नाही.

आता आजींकडे परत येऊ. त्यांनी वाघनख पेटीतच ठेवले. ते विकणार नाही आणि कोणाच्या गळ्यात घालणार नाही, असे त्यांनी ठरवले आहे. जर्मनीला जाताना त्यांनी यजमानांचा लहानपणीचा एक फोटो नेला. तीन वर्षांचा मुलगा, अंगात झबले, गळ्यात ते नख. नातवाला त्यांनी ती सारी गोष्ट सांगितली, अलिबागची, सासूबाईंची आणि वाघांची. पणतू अजून पाळण्यात आहे. पण तो मोठा होऊन कधी ताडोब्याला किंवा मेळघाटला गेला, तर अठरा नखे जागच्या जागी असलेला वाघ त्याला दिसावा, एवढीच आजींची इच्छा आहे. आमचीही तीच आहे.